पाळण्यातल्या गाड्या

पहाटे मी मागच्या फाटकातून आत शिरायची तेव्हा पाळणा झोपलेला असायचा. उंचीला चार मजल्यांच्या बरोबर, रुंदीला मात्र दोन गाड्यांइतकाच. लोखंडी सांगाड्यात दोन्ही बाजूंना एकावर एक ट्रे टांगलेले आणि प्रत्येक ट्रेवर एक गाडी, अशा बारा. खाली जमिनीलगत एकच दार. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड गाड्यांच्या काचांवर पडायचा आणि वाटायचं, उंच झाडावर पाखरं डोळे अर्धे मिटून बसली आहेत. खाडीकडून वारा आला की साखळ्या बारीक किणकिणायच्या. मी बादली खाली ठेवून थोडा वेळ नुसती उभी राहायची. कामाची घाई असायची, तरी उभी राहायची.

सोसायटीवाले त्याला ऑटोमॅटिक पार्किंग म्हणतात. पाळणा हे नाव दादांनी पाडलं. दादा म्हणजे ते यंत्र चालवणारे; सोसायटीवाले त्यांना काका म्हणतात. करावे गावचे, साठीला आलेले, अंगाने रुंद. तरुणपणी खाडीत होडी घालायचे, आता बटणं दाबतात. यंत्र नवीन बसलं तेव्हा मी लांबून बघत होते. ते म्हणाले, "घाबरतेस काय गो बाय? जत्रेतला पालनाच हाय हा. फकस्त आत मान्सं नाय, गाड्या बसतात."

आमच्या गावच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा. चार डोल्या, दोन माणसं हाताने ढकलायची. मी त्यात कधी बसले नाही. खाली उभी राहून वर गेलेल्या पोरींचे पाय बघायची. परभणीकडून लग्न होऊन इकडे आले, त्यालाही आता खूप वर्षं झाली. इथे पुन्हा मी पाळण्याखाली उभी होते आणि वर गाड्या होत्या.

माणूस गाडी उलटी घेऊन ट्रेवर चढवायचा, आरसे मिटायचा, हँडब्रेक ओढून बाहेर यायचा. दादा बटण दाबायचे. मग साखळी ओढली जायची आणि गाडी हळूच जमिनीवरून सुटायची. आत कुणी नसलेली गाडी हवेत चढताना बघितली की मला अजून कसंतरी होतं. सीटवर कुणाची ओढणी राहिलेली असते, काचेला लिंबूमिरची लटकत असते, मागे लहान मुलाची खुर्ची असते, आणि हे सगळं घर असल्यासारखं वर वर जातं आणि दुसऱ्या बाजूने खाली येतं.

पाळणा येण्याआधी तिथे दोनच गाड्या उभ्या राहायच्या. त्या दोन जागांवरून किती भांडणं. पहिल्या मजल्यावरचे आणि चौथ्या मजल्यावरचे जिन्यात समोरासमोर आले तरी भिंतीकडे तोंड करून जायचे. एकाने दुसऱ्याच्या टायरमधली हवा सोडली होती. हे मी पाहिलं होतं, पण मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाळणा आला आणि तेवढ्याच जागेत बारा गाड्या मावल्या. आवारात मोकळी जागा झाली, पोरं तिथे बॅडमिंटन खेळू लागली. शहरात माणसं एकावर एक राहतात, मग गाड्यांनीही राहावं, हे मला पटायचं.

अडचणीही होत्या. उंच मोठ्या गाड्या त्यात मावायच्या नाहीत, त्या बाहेरच राहिल्या. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत सगळे वर बघत बसायचे. कुणाचा डबा गाडीत राहायचा, मग डब्यासाठी अख्खा पाळणा फिरवावा लागायचा. सकाळची वेळ तर फार नाजूक. एक गाडी खाली यायला दोन-तीन मिनिटं, आणि सगळ्यांना एकदमच निघायचं. दादांनी त्याचं गणित बसवलं होतं. कोण बेलापूरच्या कचेरीत जातं, कोण पोरांना शाळेत सोडतं, कोण उशिरा उठतं, हे त्यांना पाठ होतं. ज्याला आधी निघायचं त्याची गाडी ते आधीच खाली आणून ठेवायचे. लिहून काही ठेवायचे नाहीत. म्हणायचे, "भरती कवा येते ते काय लिवून ठेवायचं? अंगाला कलतं."

गाड्या पुसायला मला मुद्दाम परवानगी मिळाली होती. पहाटे दादा एकेक गाडी खाली आणायचे आणि मी आत जाऊन ओल्या फडक्याने पुसायची. पाणी ओतायचं नाही एवढी अट. यंत्राला एक चावी होती, ती काढली की बटणं मेल्यासारखी व्हायची. मी आत जाण्याआधी दादा ती चावी काढून माझ्या हातात द्यायचे. मी ती कनवटीला खोचायची. बाहेर आले की परत द्यायची. एका पहाटेत बारा वेळा चावी घ्यायची, बारा वेळा द्यायची. त्यांनी कधी विसरून यंत्र सुरू केलं असतं तर, ही भीतीच नव्हती. चावी माझ्यापाशी असे आणि मी गाडीच्या पोटाशी वाकून निवांत पुसत असे. डोक्यावर अकरा गाड्या असायच्या. मला वाटायचं, आपण मोठ्या घड्याळाच्या आत बसलो आहोत आणि ते आपल्यासाठी थांबलं आहे.

गाडी पुसून झाली की वायपर उभे करून ठेवायचे, ही आमच्या कामातली पद्धत. रबर काचेला चिकटत नाही, आणि मालकाला लांबूनच कळतं की आज बाई येऊन गेली. नवी मुंबईत कुठल्याही सोसायटीत सकाळी जा, वायपर उभ्या केलेल्या गाड्या दिसतील. तोंडाने सांगायला नको. मला ही पद्धत फार बरी वाटायची.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची सात नंबरची छोटी लाल गाडी. त्यांनी एकदा मला लिफ्टपाशी थांबवलं.

"मागची काच पुसतेस का गं तू?"

"पुसते."

"मग धूळ कशी दिसते? पुढचं चकचकीत करून मागचं तसंच सोडायचं, ही युक्ती मला ठाऊक आहे."

रस्त्यावरची धूळ आधी मागच्या काचेवर बसते हे सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी सात नंबरचा मागचा वायपरही उभा करू लागले. म्हणजे त्यांना कळावं. मग आणखी दोन गाड्यांना मागे वायपर होता, त्यांचाही करू लागले. त्या मागच्या बाजूला भिंत आणि गाडी यांच्यात वीतभर जागा. मी आडवी होऊन शिरायची. दादांचं पोट तिथे मावण्यासारखं नव्हतं.

त्याच आठवड्यापासून पाळणा अडू लागला.

रोज नाही. मधूनच, सकाळी. मी चावी परत द्यायची, दादा बटण दाबायचे आणि लाल दिवा लागून यंत्र टीं टीं करायचं. गाडीचा कुठलाही भाग ट्रेच्या बाहेर राहिला तर यंत्र हलत नाही. खांबांमध्ये अशी सोय आहे, न दिसणारी उजेडाची दोरी असते, ती तुटली की सगळं बंद. दादा दारं बघायचे, आरसे बघायचे, टॉर्च मारून चाकं बघायचे. सगळं जागेवर. मेकॅनिकला फोन केला की तो म्हणायचा, "गाडी तिरकी लागली असेल, पुढेमागे करा." गाडीची चावी मालकाकडे, मालक झोपलेला. तोपर्यंत खाली माणसं जमायची. शेवटी त्या गाडीचा मालक उतरायचा, गाडी बाहेर काढायचा, आणि यंत्र लगेच सुरू व्हायचं. मेकॅनिक येईपर्यंत सगळं छान फिरत असायचं. मग सगळ्यांचं एकच मत पडलं, काका गाडी नीट लावून घेत नाहीत.

दादा म्हणायचे, "कालच्यान हीच गाडी आशीच लावून वर गेली ना? तवा कशी फिरली?" पण कुणी ऐकून घेतलं नाही.

एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांची गाडी सर्वात वर आणि पाळणा अडलेला. आजोबा स्वच्छ पांढरा सदरा घालून खाली खुर्चीत बसले होते. आपल्या गाडीकडे बघायचे, मग हात कपाळाशी धरून पुन्हा बघायचे. शेवटी मुलाने रिक्षा आणली. त्यांना हाताला धरून नेताना सेक्रेटरी साहेब सगळ्यांसमोर दादांना म्हणाले, "काका, होडी वल्हवणं वेगळं आणि मशीन चालवणं वेगळं. जमत नसेल तर सांगा."

दुसऱ्या दिवसापासून दादा बटण दाबायच्या आधी बोट थांबवू लागले. आरसे एकदा बघायचे, परत बघायचे, मग तिसऱ्यांदा. मला म्हणाले, "बाय, माजे डोलेच फसवतात काय कोन जाने. सात नंबर सरल लागलीय ना गो?" मी म्हटलं, सरळ आहे. खरंच सरळ होती.

मग नोटीस लागली. रविवारी मीटिंग, यंत्राच्या एजन्सीचा माणूस येणार, चालवायला दुसरा माणूस नेमणार. दादांच्या गावचे दोघं त्याच सोसायटीत वॉचमन. गावात बातमी त्यांच्याही आधी पोचली असेल.

त्या दुपारी मी घरी जेवून आडवी झाले. पत्रा तापला होता, पंखा फिरत होता. डोळा लागला आणि मला आमची चौथीची शाळा दिसली. बाकांवर मुलांच्या जागी गाड्या बसल्या होत्या. गुरुजींनी काहीतरी विचारलं. सगळ्या गाड्यांनी वायपर वर केले, मला येतं, मला येतं म्हणून. गुरुजी म्हणाले, पुढच्यांनी हात खाली करा. पुढच्यांनी केले. मागच्या बाकावर मात्र लाल गाडीचा हात तसाच वर. गुरुजी तिच्याकडे येईनात, पुढेही जाईनात. वर्ग तसाच थांबून राहिला. फळ्यावरचा खडू थांबला, खिडकीतला वारा थांबला. मी जागी झाले तेव्हा पंखा फिरत होता.

मी तशीच पडून एकेक दिवस आठवला. पाळणा अडला तेव्हा खाली कुठली गाडी होती. सात नंबर. मग दोन नंबर. मग पुन्हा सात. दर वेळी मागे वायपर असलेलीच. उभा केलेला वायपर गाडीच्या मागे वीतभर बाहेर येतो. उजेडाची दोरी तिथेच असणार, आणि गाडी ट्रेवर जरा मागे लागली असेल त्याच दिवशी तो तिला लागत असणार.

दुसऱ्या दिवशी मी मागचे वायपर तसेच पडू दिले. पाळणा अडला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. लोक म्हणाले, मेकॅनिकने ऑइल घातलं ते लागू पडलं. पण मीटिंग ठरलेलीच होती.

नवऱ्याला सांगितलं. ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवतात. हातपाय धूत होते. म्हणाले, "आता अडत नाही ना? मग झालं. तू कशाला मध्ये पडतेस? पहिली तुलाच काढतील."

खरं होतं ते. मी रात्री भाजी परतताना पुन्हा म्हटलं, "दादांना काढतील." ते म्हणाले, "त्यांचं घर आहे गावात. आपली भाड्याची खोली आहे."

शनिवारी पहाटे मी दादांना सांगितलं. चावी देता देता सांगितलं, खाली बघून. त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सात नंबरच्या मागे शिरून वायपर उभा केला, बाहेर आले, चावी दिली आणि दाबा म्हटलं. टीं टीं. मी पुन्हा चावी घेऊन आत गेले, वायपर खाली केला. पाळणा फिरला.

दादा खुर्चीत बसले आणि हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हंजे भूतबित नाय? मी तर नारल फोरायला निंगालेलो." मग बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. उलटी करून, सुलटी करून. "माजी बोटं बरोबर व्हती," एवढंच म्हणाले.

मग म्हणाले, "कोनाला सांगू नको. तुज्या बारा गाड्या जातील."

"आणि तुमचं?"

"माजं काय. खाडी हाय ना. जालं विनत बसेन."

खाडीत आता त्यांच्या होडीपुरतं पाणी कुठे राहिलंय, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. गुलाबी पक्षी चिखलात उभे असतात, तिथे पूर्वी ते पोहायचे. मी त्या दिवशी बाराही गाड्या पुसल्या. फडकं प्रत्येक गाडीवरून दोनदा फिरवलं. मग वाटलं, आपण निरोप घेतोय की काय.

रविवारी सकाळी मी विहारात जाते. त्या रविवारी गेले नाही. पाळण्यासमोरच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. पंधरा-वीस जण होते. एजन्सीचा माणूस बॅग मांडीवर घेऊन पुढे बसला होता. दादा बटणांच्या पेटीपाशी उभे, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी खांबाला टेकून उभी राहिले. काकू दुसऱ्या रांगेत होत्या.

सेक्रेटरी साहेब म्हणाले, "काकांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण वय झालं. हे कामच असं आहे, एक गाडी तिरकी लागली की अकरा जणांची सकाळ जाते."

कुणीतरी म्हणालं, "आणि ते मान्यच करत नाहीत ना, की चुकतंय."

दादा समोर बघत होते. माझे पाय कधी निघाले मला कळलं नाही. एवढंच आठवतं की खुर्च्यांच्या मधून जाताना एका बाईने साडी सावरून घेतली. मी पेटीपाशी जाऊन म्हटलं, "दादा, सात नंबर खाली घ्या."

ते हळूच म्हणाले, "बाय, घरी जा."

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. साखळी हलली. सात नंबर नेमकी सर्वात वर होती. ती यायला वेळ लागला, तेवढा वेळ सगळे वर बघत होते. उन्हात गाड्या एकामागून एक उतरत होत्या, काचांवर ढग सरकत होते. मला वाटलं, ही गाडी कधी खाली येऊच नये, हे सगळं असंच फिरत राहावं. पण ती आली. ट्रे जमिनीला टेकला.

मी हात पुढे केला. दादांनी चावी काढून दिली. मी आत गेले, मागे शिरले, वायपर उभा केला. बाहेर येऊन चावी परत दिली. त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला, टीं टीं सुरू झालं.

सगळे एकदम बोलायला लागले. एजन्सीच्या माणसाने चावी मागून घेतली, आत गेला, अंग चोरून मागे वाकला. वायपर खाली केल्याचा आवाज आला. टीं टीं थांबलं. तो बाहेर आला, हात झटकले आणि म्हणाला, "हां. बरोबर आहे."

मी म्हटलं, "वायपर मी उभा करत होते. पुसल्याची खूण म्हणून. दादांचं काही चुकलं नाही." एवढंच म्हणायचं असं रात्रभर ठरवलं होतं. तेवढंच म्हटलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे महिनाभर आमच्या ऑफिसला लेटमार्क हिच्या खुणेमुळे." दोघंतिघं हसले. सेक्रेटरी साहेब हसले नाहीत. मागची खूण का करायला लागलीस, असं त्यांनी विचारलं. मी काकूंकडे पाहिलं नाही. "अशीच," म्हटलं. काकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

एजन्सीचा माणूस म्हणाला, "मुळात आत माणूस जायलाच नको. आमच्या नियमात बसत नाही. चावीबिवी ठीक आहे, पण उद्या काही झालं तर?" ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, कारण तो खोटं बोलत नव्हता. दादा राहतील, पाळण्याच्या आत जाऊन गाड्या पुसणं बंद, असं ठरलं. सेक्रेटरी साहेब दादांपाशी जाऊन म्हणाले, "काका, माझं बोलणं मनावर घेऊ नका."

दादा म्हणाले, "होडीवरचं बोलनं मनावर घेतलेलं हाय. बाकीचं सोडतो." लोक हसले. साहेबही हसले, जरा उशिरा.

सोमवारी पहाटे मी सवयीने त्याच वेळेला गेले. बाहेरच्या उंच गाड्या होत्याच, त्या चार-पाच पुसायच्या होत्या. पाळण्यापाशी थांबायचं नाही असं ठरवलं होतं, पण थांबले. दादांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. उजाडलं तसे लोक खाली येऊ लागले. दादा बटण दाबत होते, बोट आता कुठे थांबत नव्हतं. गाडी यायची, माणूस बसायचा, निघायचा. दुसरी यायची. धुळीने भरलेल्या गाड्या, एकामागून एक.

लाल गाडी बाहेर आली आणि फाटकाच्या आधीच, भर वाटेत, थांबली. काच खाली झाली. काकू समोर बघतच म्हणाल्या, "बादली आणली आहेस ना?"

"आणली आहे."

"मग पूस. पाच मिनिटं थांबते मी."

त्यांच्या मागे लगेच दुसरी गाडी आली होती, तिच्या मागे तिसरी. कुणीतरी हॉर्न दिला. मी घाबरून बाजूला झाले. काकूंनी इंजिन बंद केलं, चावी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "वाजू दे गं. तू कर तुझं."